मोरचूद ते सूक्ष्म प्लास्टिक : बियाण्याची उगवण आणि जमिनीचे प्रदूषण – बाभुळगाव (जि. यवतमाळ) तालुक्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

जड धातू आणि प्लास्टिकचे सूक्ष्म कण यांचा पिकांच्या बियाण्याच्या उगवणीवर होणारा परिणाम हा विषय सामान्यतः वनस्पतिशास्त्र व रसायनशास्त्र यांच्या कक्षेतील मानला जातो. तथापि या प्रश्नाला इतिहास आहे. जड धातू शेतात केवळ कारखान्याच्या सांडपाण्यातून आले नाहीत. बियाण्याचे रक्षण करणारे औषध म्हणूनही ते आले. प्लास्टिकही तसेच सोय म्हणून आले. प्रस्तुत निबंधात वऱ्हाडातील, विशेषतः यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव परिसरासारख्या कोरडवाहू कापूसपट्ट्यातील बीजसंस्काराचा प्रवास मांडला असून, बियाण्याची उगवण मोजणारी व्यवस्था उभी राहत असताना जमिनीची मोजणी मागे कशी राहिली याचा विचार केला आहे.

बीजशब्द : उगवणक्षमता, बीजप्रक्रिया, जड धातू, सूक्ष्म प्लास्टिक, काळी जमीन, वऱ्हाड, बाभुळगाव.

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्याच्या उत्तर भागात, बेंबळा नदीच्या खोऱ्यात आणि यवतमाळ–धामणगाव मार्गावर बाभुळगाव हे तालुक्याचे ठिकाण आहे. बेंबळा ही वर्धा नदीची उपनदी असून तिच्यावरील बेंबळा प्रकल्प याच तालुक्यात उभा राहिला. प्रकल्पामुळे सिंचनाची सोय झाली असली तरी तालुक्याच्या शेतीचा मोठा भाग पावसावरच अवलंबून आहे. कापूस, सोयाबीन व तूर ही येथील खरिपाची प्रमुख पिके होत. नदीकाठची खोल काळी जमीन आणि उताराकडील उथळ, मुरमाड, बरड जमीन असे दोन्ही प्रकार येथे आढळतात.

अशा कोरडवाहू प्रदेशात पेरणीनंतरचे आठ-दहा दिवस शेतकऱ्याच्या वर्षाचा निकाल लावतात. बी उगवले नाही तर दुबार पेरणी अटळ ठरते. दुसऱ्यांदा बियाणे, खत आणि मजुरी यांचा खर्च करावा लागतो. तो बहुधा कर्जातून होतो आणि हंगामही लांबतो. म्हणून ‘उगवण’ हा शब्द प्रयोगशाळेत एक टक्केवारी असला तरी गावात तो कुटुंबाच्या अर्थव्यवस्थेचा प्रश्न असतो.

उगवण बिघडली की दोष बियाण्याचा, पावसाचा की शेतकऱ्याच्या पेरणीचा, असा वाद सुरू होतो. या वादात चौथा घटक क्वचितच विचारात घेतला जातो. तो घटक म्हणजे जमिनीत वर्षानुवर्षे साठत गेलेली द्रव्ये. हा घटक चर्चेबाहेर का राहिला, या प्रश्नाचे उत्तर केवळ विज्ञानात मिळत नाही. ते बियाण्याच्या आणि कायद्याच्या इतिहासात शोधावे लागते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. वऱ्हाडातील बीजसंस्काराच्या पद्धतींत झालेल्या स्थित्यंतरांचा आढावा घेणे.
२. जड धातू व प्लास्टिक यांचा शेतात प्रवेश कोणत्या मार्गांनी झाला हे पाहणे.
३. उगवणीच्या कायदेशीर व प्रयोगशालेय मोजमापाचा विकास तपासणे.
४. उपलब्ध वैज्ञानिक निष्कर्ष बाभुळगावसारख्या काळ्या जमिनीच्या प्रदेशाला कितपत लागू पडतात याचा विचार करणे.

या अभ्यासासाठी वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रकाशित साहित्य, कायदे आणि संशोधन यांवर आधारित आहे.

वऱ्हाडातील पारंपरिक बीजसंस्कार

१८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, इंग्लंडला होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा घटला आणि वऱ्हाडी कापसाला मागणी आली. १८६७ मध्ये मुंबई–नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला. या मार्गावरील धामणगाव स्थानकामुळे बाभुळगाव परिसराचा कापूस दूरच्या बाजारपेठेशी जोडला गेला. पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाणारा हा प्रदेश १९०५ मध्ये यवतमाळ जिल्हा झाला.

या काळात पीक बाजारासाठी निघत असले तरी बियाणे मुख्यतः घरचे किंवा जवळपासचेच असे. कापसातून निघालेली सरकी तंतूमुळे एकमेकींना चिकटते आणि सरत्याच्या नळीतून मोकळी पडत नाही. म्हणून पेरणीपूर्वी ती शेणामातीच्या काल्यात चोळून वाळवली जात असे. धान्याच्या बियाण्याला राख चोळणे, त्यात कडुनिंबाचा पाला घालणे, ते कणगीत लिंपून ठेवणे अशा रीतीही प्रचलित होत्या. या पद्धतींना मर्यादा होत्या. बियाण्यावाटे पसरणारे सर्व रोग त्यांनी थांबत नसत. मात्र बियाण्याला जे लावले जाई ते शेतातून आलेले असे आणि मातीत मिसळून जाई. पुढील सर्व स्थित्यंतरे समजून घेण्यासाठी हा फरक लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

मोरचूद : पहिला धातू

बियाण्यावर धातूचा वापर युरोपात फार पूर्वी सुरू झाला होता. गव्हाच्या काणी रोगावर संशोधन करताना फ्रान्समधील बेनेदिक्त प्रेव्हो यांनी १८०७ मध्ये असे दाखवून दिले की, हा रोग सूक्ष्म बुरशीच्या बीजाणूंमुळे होतो आणि तांब्याच्या क्षाराच्या अत्यंत विरल द्रावणातही हे बीजाणू रुजत नाहीत. तांब्याच्या या क्षारालाच मराठीत मोरचूद म्हणतात. १८८५ मध्ये मिलार्दे यांनी मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण प्रसिद्ध केले आणि तांबे हे शेतीतील प्रमुख बुरशीनाशक ठरले.

भारतात विसाव्या शतकाच्या आरंभी ज्वारीच्या दाण्यांवरील काणी ही मोठी समस्या होती. कणसात दाण्यांच्या जागी काळी भुकटी भरलेल्या पिशव्या तयार होत आणि मळणीच्या वेळी ती भुकटी निरोगी दाण्यांवर बसे. मुंबई इलाखा आणि मध्यप्रांत-वऱ्हाड येथील कृषी खात्यांनी मोरचुदाच्या लहान पुड्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवून बियाणे द्रावणात भिजवण्याचा प्रचार केला. हा उपाय स्वस्त आणि परिणामकारक होता. ज्वारी हे त्या काळी वऱ्हाडातील प्रमुख अन्नधान्य असल्याने त्याचे सामाजिक मूल्यही मोठे होते.

येथे एक महत्त्वाची बाब नोंदवावी लागते. मोरचुदाचे द्रावण तीव्र झाले किंवा बी त्यात अधिक वेळ राहिले तर उगवण घटते, हे त्या काळीही ज्ञात होते. युरोपात तर मोरचुदात भिजवलेल्या गव्हावर चुना टाकून ही हानी कमी करण्याची रीत होती. म्हणजेच जड धातू उगवणीला बाधक ठरू शकतो, हे ज्ञान अलीकडचे नाही. धातूच्या मात्रेवर औषध आणि विष यांतील सीमा अवलंबून असते, हा धडा बीजप्रक्रियेच्या पहिल्याच टप्प्यावर मिळालेला होता. पुढे ज्वारीसाठी मोरचुदाऐवजी गंधकाच्या भुकटीचा वापर रूढ झाला. ती कोरडी लावता येई आणि बियाण्याला इजाही कमी होई.

पाऱ्याची बीजप्रक्रिया

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत पाऱ्याची सेंद्रिय संयुगे बियाण्यासाठी वापरात आली. पुढे ती कोरड्या भुकटीच्या रूपात मिळू लागली. बी भिजवण्याची व वाळवण्याची गरज उरली नाही. ‘सेरेसान’, ‘ॲग्रोसान जीएन’ ही नावे स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय कृषी शिफारशींमध्ये सर्वत्र दिसू लागली. ज्वारी, गहू आणि कपाशी यांच्या बियाण्यासाठी ही भुकटी सुचवली जाई. उगवणीवरील तात्कालिक परिणाम पाहता हे औषध उत्तम होते. बुरशीने कुजणारी रोपे वाचत आणि ताटांची संख्या वाढे.

हानी दुसरीकडे प्रकट झाली. स्वीडनमध्ये १९५० नंतर पारा लावलेले बी खाणारे पक्षी आणि त्यांना खाणारे शिकारी पक्षी मरू लागले. त्या देशाने १९६६ मध्ये अल्किल पाऱ्याची बीजप्रक्रिया बंद केली. इराकमध्ये १९७१-७२ साली त्याहून भीषण घटना घडली. पेरणीसाठी आयात केलेले, मिथिल पाऱ्याची प्रक्रिया केलेले गहू व बार्ली यांचे बियाणे अनेक ठिकाणी पेरणीचा काळ उलटल्यावर पोहोचले. पोत्यांवरील इशारा परकीय भाषेत होता. ग्रामीण कुटुंबांनी दाणे धुऊन लाल रंग घालवला आणि त्याच्या भाकरी केल्या. अधिकृत नोंदीनुसार ६५३० लोक रुग्णालयात दाखल झाले आणि ४५९ जणांचा तेथे मृत्यू झाला. रंग धुतला गेला तरी विष धुतले जात नाही, हे या घटनेने सिद्ध केले.

भारतात इथिल मर्क्युरी क्लोराइड व फिनिल मर्क्युरी ॲसिटेट यांवर कालांतराने बंदी आली. मात्र ऊस व बटाटा यांच्या बेण्यासाठी वापरले जाणारे मिथॉक्सी इथिल मर्क्युरी क्लोराइड हे संयुग २०१८ च्या केंद्रीय आदेशापर्यंत वापरात राहिले. पाऱ्यावरील मिनामाता करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला व २०१७ पासून अमलात आला. एका धातूला बियाण्यापासून दूर करण्यास अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला. त्याच्या निवडीचा निकष मात्र उगवणीचा होता, आणि त्या निकषावर तो कधीच नापास झाला नव्हता.

उगवण कायद्याच्या कक्षेत

बियाण्याची शास्त्रीय तपासणी फ्रीडरिश नोबे यांनी १८६९ मध्ये जर्मनीतील थारांट येथे सुरू केली. बाजारातील भेसळयुक्त बियाण्याने शेतकऱ्यांची होणारी फसवणूक हे तिचे निमित्त होते. १९२४ मध्ये आंतरराष्ट्रीय बीज परीक्षण संघटना स्थापन झाली आणि तपासणीच्या पद्धती एकसारख्या झाल्या. भारतात १९६१ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत बीज परीक्षण प्रयोगशाळा सुरू झाली, तर १९६३ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाची स्थापना झाली.

याच काळात बियाणे घरातून बाजारात गेले. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा संकरित वाण आणि १९७० मध्ये एच-४ हा संकरित कापूस आला. संकरित वाणाचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. त्यामुळे त्याच्या दर्जाची हमी कायद्याने देणे भाग पडले. बियाणे अधिनियम, १९६६ हा त्याचा परिणाम होय. अकोला येथे १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ आणि १९७६ मध्ये महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ म्हणजे ‘महाबीज’ स्थापन झाल्यावर वऱ्हाडातील बीजव्यवस्था संस्थात्मक झाली. प्रमाणित बियाण्यासाठी किमान उगवण गव्हाला ८५ टक्के, ज्वारीला ७५ टक्के आणि सोयाबीनला ७० टक्के ठरवली गेली.

ही टक्केवारी कशी मोजली जाते हे पाहणे येथे अत्यावश्यक आहे. प्रमाण पद्धतीत चारशे दाणे ओल्या कागदावर किंवा स्वच्छ, निर्जंतुक वाळूत नियंत्रित तापमानाला ठेवले जातात. सोयाबीनची अंतिम मोजणी आठव्या दिवशी, ज्वारीची दहाव्या आणि कपाशीची बाराव्या दिवशी होते. निरोगी रोपांची संख्या मोजून निकाल दिला जातो. बियाण्याचा गुण स्वतंत्रपणे कळावा म्हणून या चाचणीतून जमीन हेतुपुरस्सर वगळलेली आहे. बियाण्याच्या व्यापारासाठी ही पद्धत योग्यच आहे. मात्र कालांतराने पाकिटावर छापलेली टक्केवारी शेतातील उगवणीचीच हमी आहे, असा समज रूढ झाला. वाळूत मिळालेला निकाल शेतात का मिळाला नाही, हे सांगणारी समांतर चाचणी जमिनीसाठी उभीच राहिली नाही.

जमिनीत साठणारे धातू

बियाण्यावरून येणाऱ्या धातूचे प्रमाण अत्यल्प असते. जमिनीत धातू येण्याचे अन्य मार्ग अधिक मोठे आहेत. स्फुरदयुक्त खते ज्या खनिजापासून बनतात त्यात कॅडमियम असतो. समुद्री अवसादी खडकांत तो अधिक आणि अग्निजन्य खडकांत कमी आढळतो. युरोपीय संघाने २०२२ पासून लागू झालेल्या नियमांत खतातील स्फुरदाच्या प्रत्येक किलोमागे ६० मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा घातली. शहरी कचऱ्याचे खत हा दुसरा मार्ग होय. त्यासाठी भारताच्या खत नियंत्रण आदेशात प्रतिकिलो कॅडमियम ५, शिसे १००, क्रोमियम ५० आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा आहे. ताम्रयुक्त बुरशीनाशके आणि शहरांलगतचे सांडपाणी हे आणखी मार्ग आहेत.

कापसाच्या जमिनीत विष साठण्याचे ऐतिहासिक उदाहरण अमेरिकेत मिळते. तेथे बोंडावरील भुंग्याविरुद्ध विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅल्शियम आर्सेनेटची धुरळणी मोठ्या प्रमाणावर झाली. हलक्या वालुकामय जमिनींत पुढील पिकांची वाढ खुंटू लागली. कापूस सोडून भातशेती आलेल्या काही जमिनींत तर दीर्घकाळानंतरही आर्सेनिकचा प्रश्न उरला. पीक बदलले, औषध बंद झाले, तरी जमिनीची स्मृती पुसली गेली नाही.

बाभुळगाव परिसरातील जमीन या बाबतीत वेगळी आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीत चिकण मातीचे प्रमाण मोठे, सामू अल्कधर्मी आणि चुनखडीचा अंश भरपूर असतो. अशा मातीत कॅडमियम, शिसे व तांबे घट्ट धरून ठेवले जातात आणि वनस्पतीला सहज उपलब्ध होत नाहीत. हे एक प्रकारचे संरक्षण आहे. परंतु धरून ठेवलेला धातू नाहीसा होत नाही, साठत जातो. उथळ, हलक्या बरड जमिनीत चिकण माती कमी असल्याने हे संरक्षणही कमी मिळते. शिवाय बेसाल्टमध्ये तांबे, क्रोमियम, निकेल हे धातू निसर्गतःच असतात. म्हणून मातीत धातू सापडला म्हणजे प्रदूषण झाले असा निष्कर्ष काढता येत नाही. जस्ताची स्थिती तर उलटी आहे. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत त्याची कमतरता पडते आणि झिंक सल्फेट देण्याची शिफारस करावी लागते. एकच धातू कमी पडला तर रोप पिवळे पडते आणि जास्त झाला तर मूळ खुंटते.

प्लास्टिकचा प्रवेश

शेतात प्लास्टिक आले ते टप्प्याटप्प्याने. खताच्या तागी पोत्यांची जागा विणलेल्या प्लास्टिकच्या गोण्यांनी घेतली. पाण्याचे पाइप, ठिबकच्या नळ्या, भाजीपाल्यासाठी आच्छादनाचा कागद, कीटकनाशकांच्या बाटल्या आणि बियाण्याची पाकिटे ही सर्व सामग्री एका पिढीच्या काळात रूढ झाली. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यानंतर वऱ्हाडात पाकीटबंद बियाण्याचे वर्चस्व पूर्ण झाले. शेणामातीत घोळलेल्या सरकीची जागा आम्लाने तंतू काढलेल्या, कीटकनाशक व रंगीत आवरण लावलेल्या बियाण्याने घेतली. अशा आवरणात चिकटपणासाठी अनेकदा कृत्रिम बहुवारिके वापरली जातात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये हेतुपुरस्सर मिसळल्या जाणाऱ्या सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले. त्यांच्या कक्षेत बियाण्यावरील आवरणेही येतात. त्यांच्यासाठी संक्रमणकाल दिलेला आहे.

या प्रश्नाची पहिली दखल वऱ्हाडात शेतजमिनीसाठी घेतली गेली नाही. ती कापसासाठी घेतली गेली. वेचणीचा कापूस खताच्या रिकाम्या गोण्यांत भरल्याने प्लास्टिकचे धागे रुईत मिसळत, सुतात येत आणि कापडाला रंग देताना डाग पडत. भारतीय कापसातील भेसळ कमी करणे हे २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानाचे एक उद्दिष्ट होते. रुईतील प्लास्टिकमुळे भाव पडतो म्हणून ते मोजले गेले. त्याच गोणीचे उन्हाने झिजलेले तुकडे बांधावर व सरीत पडून राहिले. त्यांना गिऱ्हाईक नसल्याने त्यांची मोजणी झाली नाही.

प्लास्टिक आणि जड धातू हे दोन वेगळे प्रश्नही नाहीत. पीव्हीसी पाइप टिकाऊ करण्यासाठी शिशाची संयुगे वापरली जात. त्यावर निर्बंध आणणारे केंद्रीय नियम २०२१ मध्ये आले. काही रंगद्रव्यांत कॅडमियम असे. तसेच मातीत पडलेल्या प्लास्टिकच्या झिजलेल्या पृष्ठभागावर धातूंचे कण धरले जातात आणि त्यांची हालचाल बदलते.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष आणि काळी जमीन

‘सूक्ष्म प्लास्टिक’ ही संज्ञा रिचर्ड थॉम्पसन व सहकाऱ्यांच्या २००४ मधील सागरी संशोधनामुळे प्रचारात आली. शेतजमिनीकडे अभ्यासकांचे लक्ष त्यानंतर सुमारे एका दशकाने वळले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हळिवावरील प्रयोगात असे दिसले की, प्लास्टिकचे कण बियाण्याच्या सालीवरील छिद्रांपाशी साठतात आणि पहिल्या आठ तासांत उगवण लक्षणीय घटते. पण चोवीस तासांनंतर हा फरक उरत नाही. म्हणजे बी मेले नव्हते, त्याचे पाणी शोषणे लांबले होते. २०२० मध्ये गहू व लेट्यूस यांच्यावरील संशोधनाने असे दाखवले की, उपमुळे फुटतात त्या जागच्या भेगांतून अतिसूक्ष्म कण मुळात शिरू शकतात.

जड धातूंच्या बाबतीत अनेक प्रयोगांतून एक समान सूत्र दिसते. बियाण्याची साल गर्भाला काही काळ संरक्षण देते. त्यामुळे कमी मात्रेत उगवणीची टक्केवारी फारशी बदलत नाही, परंतु साल फोडून बाहेर आलेल्या मुळाची लांबी मात्र घटते. कॅडमियम साठवलेल्या पिष्टाचे विघटन करणाऱ्या विकरांच्या कार्यात अडथळा आणतो आणि मुळाच्या टोकाशी होणारे पेशीविभाजन मंदावते. म्हणून केवळ ‘उगवले की नाही’ एवढाच प्रश्न विचारणारी चाचणी या हानीला पकडू शकत नाही.

हे निष्कर्ष बाभुळगावच्या शेताला जसेच्या तसे लावणे मात्र अशास्त्रीय ठरेल. पेट्रीपात्रात ओल्या कागदावर धातूचे द्रावण थेट बियाण्याला मिळते; काळ्या मातीत त्याचा मोठा भाग बांधला जातो. प्रयोगांत वापरलेले प्लास्टिकचे कण बहुधा नवे, गोल आणि प्रमाणाने अधिक असतात. शेतातील तुकडे झिजलेले, चपटे व धाग्यांसारखे असतात. असे असले तरी कोरडवाहू शेतीत काही तासांचा विलंबही निरुपद्रवी नसतो. पेरणीनंतर एकच पाऊस झाला आणि वरचा थर सुकू लागला, तर उशिरा पाणी शोषणारे बी आणि आखूड मुळाचे रोप आधी दगावते. २०१९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या चिकण मातीवरील एका प्रयोगात प्लास्टिकच्या कागदाच्या तुकड्यांमुळे मातीतील बाष्पीभवन व भेगा वाढल्याचे आढळले. मुळातच भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीसाठी हा निष्कर्ष विशेष लक्षणीय आहे. प्रयोगशाळेत ‘परिणाम नाही’ ठरलेला फरक मृगाच्या खंडित पावसात परिणामकारक ठरू शकतो.

उगवणीचा वाद आणि जमिनीची अनुपस्थिती

२०२० च्या खरिपात मराठवाडा व विदर्भात सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी झालेल्या अवकाळी पावसाने बियाण्याचा दर्जा खालावल्याचे कारण प्रामुख्याने पुढे आले. सोयाबीनची साल नाजूक असल्याने ते सयुक्तिक होते. या घटनेचा संबंध जड धातूंशी किंवा प्लास्टिकशी जोडण्याचे कारण नाही. परंतु तिने वादाची चौकट स्पष्ट केली. तपासणी झाली ती बियाण्याची, पेरणीच्या खोलीची व ओलाव्याची.

कायद्याची दिशाही हीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात शेतकरी हा ग्राहक असल्याचे मान्य केले आणि त्याने तपासणीसाठी बियाणे राखून ठेवले असावे अशी अपेक्षा करता येत नाही, असे मत दिले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा आहे. सदोष बियाण्यासाठी उत्तरदायी पक्ष सापडतो, हे त्याचे सार. दूषित जमिनीसाठी असा पक्ष सापडत नाही, कारण तेथे दोष अनेकांचा आणि अनेक वर्षांचा असतो.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेने ही उणीव अंशतः भरून काढता आली असती. या पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब अशा बारा बाबी तपासल्या जातात. त्यांत जस्त व तांबे यांचा विचार पिकाला ते पुरेसे आहेत की नाहीत या दृष्टीने होतो. कॅडमियम, शिसे, क्रोमियम व पारा यांना तीत स्थान नाही; प्लास्टिकला तर नाहीच. जमिनीला काय कमी आहे हे पत्रिका सांगते, तिच्यात काय नको ते साठले आहे हे सांगत नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा बळी गेला, तेव्हा कृषी रसायनांच्या धोक्याची चर्चा देशभर झाली. माणसावरील परिणाम दिसला म्हणून ती झाली. जमिनीवरील परिणाम सावकाश होतो, म्हणून तो चर्चेत येत नाही.

निष्कर्ष

१. जड धातूंचा बियाण्याशी संबंध प्रथम प्रदूषण म्हणून आला नाही; तो रोगनियंत्रण म्हणून आला. मोरचूद व पारा या दोन्ही टप्प्यांवर तात्कालिक लाभ उघड होता. मोरचुदाची हानी बियाण्यातच दिसत असल्याने तिला उपाय लवकर सापडला. पाऱ्याची हानी उगवणीच्या मोजमापाबाहेर घडल्याने तो दीर्घकाळ टिकला.

२. उगवणीची प्रमाण चाचणी बियाण्याच्या व्यापारासाठी विकसित झाली असून तिच्यातून जमीन वगळलेली आहे. तिचा निकाल शेतातील उगवणीची हमी मानणे हा तिचा अतिरिक्त अर्थ होय.

३. सूक्ष्म प्लास्टिक व जड धातू यांचा परिणाम उगवणीच्या टक्केवारीपेक्षा उगवणीचा वेग आणि मुळाची लांबी यांवर अधिक होतो. कोरडवाहू शेतीत हेच दोन घटक निर्णायक असतात.

४. बाभुळगाव परिसरातील काळी जमीन धातूंना बांधून ठेवते. म्हणून आजचा धोका कमी असू शकतो, पण साठा वाढत राहतो. नदीकाठची खोल जमीन आणि बरड जमीन यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

५. घरचे सोयाबीन पेरण्यापूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहण्याची पद्धत कृषी विभागाने गावोगाव पोहोचवली आहे. त्याच शंभर दाण्यांची जोडचाचणी शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतातील मातीत घेऊन, उगवणीसोबत मुळाची लांबीही मोजता येईल. यासाठी मोजपट्टीपलीकडे साधन लागत नाही. दोन निकालांत मोठा फरक पडल्यास त्या शेताची माती पुढील रासायनिक तपासणीसाठी निवडता येईल. तालुका पातळीवरील महाविद्यालयांनी अशा नोंदी सलग काही हंगाम ठेवल्यास बियाणे आणि जमीन यांतील दोष वेगळा करणारा पुरावा प्रथमच स्थानिक पातळीवर उपलब्ध होईल.

६. मृदा आरोग्य पत्रिकेत निवडक ठिकाणी तरी कॅडमियम व शिसे यांचा समावेश होणे आवश्यक आहे. पाऱ्याच्या बाबतीत मोजणी सुरू होण्यापूर्वी हानी झाली होती. कॅडमियम व प्लास्टिक यांच्या बाबतीत मोजणी आधी सुरू करणे अद्याप शक्य आहे.